वेणीतला खिळा

माणसाच्या अंगावर लोखंड कुठे कुठे असतं ते मला विचारा. अंबाड्याच्या आत असतं, पगडीच्या घडीत असतं, परकराच्या नाडीला बांधलेलं असतं, लहान पोरांच्या करगोट्यात असतं. एका म्हाताऱ्या फौजीच्या मांडीतच होतं. अंगात गोळीबिळी काही आहे का, असं त्याला मी तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हणाला. मग कपडे बदलताना व्रण दिसला. म्हटलं, हे काय? तर म्हणतो, "वो मेरा थोड़ी है, दुश्मन का है."

चंदीगडच्या एका मोठ्या इस्पितळात एमआरआयच्या खोलीवर मी आया होते. सगळे मौसी म्हणायचे. शिक्षण चौथी. नवरा फौजेत, त्याच्या बदलीमागे साताऱ्याहून इकडे आले, तो गेला, मी इथेच राहिले. माझ्याबद्दल एवढं पुरे. दिवाळी अंकात लोक स्वतःबद्दल फार लिहितात.

खोलीबद्दल सांगते. आत एक मोठं गोल मशीन असतं, त्याला माणूस आडवा जाईल असा बोगदा. हे सगळं मशीन म्हणजे एक लोहचुंबक. लोकांना वाटतं, बटण दाबलं की चुंबक चालू होतो आणि पेशंट बाहेर आला की बंद. तसं नाही. तो कायम चालू असतो. आत कुणी नसलं तरी, दिवे मालवले तरी, सणाच्या सुट्टीतही. एकदा नव्या सफाईवाल्याने लोखंडी बादली आत नेली. ती त्याच्या हातातून सुटली आणि खाली पडायच्या ऐवजी आडवी उडत गेली आणि बोगद्याच्या तोंडाला जाऊन चिकटली. पाणी मात्र खाली पडलं. तो पोरगा दुसऱ्या दिवसापासून कामावर आला नाही. त्या जागी माणूस झोपलेला असता तर काय झालं असतं, ते सांगायला नको.

म्हणून दारावर मी. आत जाणाऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत चाचपायचं, अंगावरचं सगळं एका प्लॅस्टिकच्या टोपलीत काढून ठेवायचं, मगच दार उघडायचं. लोक खोटं बोलतात, हात खोटं बोलत नाहीत.

त्या मशीनला थंड ठेवणारा एक पंप आहे. तोही कधी थांबत नाही. चक् फूस, चक् फूस, असा आवाज चालू असतो. सुरुवातीला मला वाटायचं, आत कुणीतरी झोपलंय. पुढे सवय झाली. दार जाड आणि जड, ते धाडकन लावायची मला खोड. फोटो काढणारा टेक्निशियन गुरप्रीत वैतागायचा, "मौसी, दरवाज़े ने आपका क्या बिगाड़ा है?"

शेवटची काही वर्षं आमच्याकडे मृणाल मॅडमचं काम चालायचं. त्या नागपूरच्या, ग्रंथींच्या डॉक्टर. अंगातले रस, म्हणजे ज्याला हार्मोन म्हणतात ते, कमीजास्त झाले की मेंदूचं काय होतं, हे त्या फोटो काढून बघायच्या. आधी एकदा काढायचा, औषधपाणी झाल्यावर वर्षाने पुन्हा काढायचा. दोन पेशंटच्या मधल्या वेळात माझ्याशी मराठी बोलायला मिळतं म्हणून त्या मला समजावून सांगायच्या. मेंदूच्या बुडाशी, नाकाच्या मुळाच्या मागे, हाडाची एक खळगी असते. त्या खळगीत वाटाण्याएवढी एक ग्रंथी. बाकीच्या साऱ्या ग्रंथींना हुकूम तिथून सुटतात. वाढ, झोप, भूक, दूध, पाळी, राग, हिंमत, सगळं. मी म्हटलं, एवढ्याशा वाटाण्याच्या हातात सगळं घर कशाला दिलं देवाने? मॅडम म्हणाल्या, "मावशी, हा प्रश्न मलाही पडतो."

ताडून बघायला त्यांना धडधाकट माणसंही लागायची. एकदा मलाच आत घातलं. नंतर म्हणाल्या, वयाच्या मानाने तुमचा मेंदू छान राहिलाय. म्हटलं, वापरलाय कुठे.

या कामात मला जे बघायला मिळालं ते इतर आजारांत मिळत नाही. हाड मोडलेला माणूस हाड मोडल्यावरही तोच माणूस असतो. इथे मात्र माणूसच बदलून येतो.

एक सरदारजी आले होते, टॅक्सीवाले. मनगटातलं कडं निघेना. साबण लावला, तेल लावलं. कडं तरुणपणी घातलेलं, तेव्हा सैल होतं. वाटाण्यावर गाठ आली होती आणि वाढीचा रस थांबतच नव्हता, म्हणून या वयात हात वाढले होते, जबडा वाढला होता, कपाळाचं हाड पुढे आलं होतं. सरदारणीने मला पर्समधून लग्नातला फोटो काढून दाखवला. नाजूक चेहऱ्याचा एक पोरगा होता त्यात. ती म्हणाली, एकाशी लग्न केलं, दुसऱ्याबरोबर म्हातारी होते आहे, आणि मधे कुठल्या दिवशी बदलला ते कळलंच नाही. कडं शेवटी कापावं लागलं. सरदारजींनी दोन्ही तुकडे कपाळाला लावले, रुमालात बांधले आणि माझ्याकडे न देता बायकोकडे दिले. बरोबर केलं.

पंचकुल्याच्या एक शाळेतल्या बाई होत्या. त्यांचं वेगळं, ताणाचा रस जास्त. चेहरा परातीसारखा गोल, रोज रडायच्या, वर्गातल्या पोरांची नावं विसरायच्या. मॅडमनी पडद्यावर त्यांचा मेंदू दाखवला. कवटीत सुकलेल्या अक्रोडासारखा आक्रसलेला, कडेने काळी फट. ऑपरेशननंतर वर्षाने आल्या तर मी ओळखलंच नाही. फोटोतली फट बरीच भरून आली होती. बाई मला म्हणाल्या, "वो मोटी औरत मुझे अब भी सपने में आती है. मेरे कपड़े पहनकर बैठी रहती है." अशा वेळी काय बोलतात ते चौथीपर्यंत शिकवत नाहीत.

पण मला सांगायचंय ते सुनीताचं.

पिंजौरच्या पुढे डोंगराकडच्या गावातली ती. एका उन्हाळ्यात आणली होती. बाहेर डांबर वितळत होतं आणि ही अंगात स्वेटर, वर शाल, पायात मोजे. बरोबर नवरा बलबीर, तो तिकडच्याच एका कारखान्यात कामाला. त्याची आई, आणि तिच्या बोटाला धरून तीन वर्षांची मुलगी गुड्डी.

सुनीता चालायची, पण कुणीतरी पुढे ढकलल्यासारखी. बस म्हटलं की बसायची. चेहरा मेणासारखा पांढुरका, भुवयांचे केस गळलेले. बोलत नव्हती. पापणी मिटायलासुद्धा तिला वेळ लागायचा. मी तिचा हात धरला आणि सोडून दिला. तसा थंडगार हात मी आधी धरलेला, पण त्या माणसांना पुढे दुसरीकडे न्यायचं असतं.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर बलबीरने मला बाजूला घेतलं. शांत माणूस, आरडाओरडा नाही. म्हणाला, "मौसी, ये सुनीता नहीं है. सुनीता तो जापे में ही मर गई थी."

जापा म्हणजे बाळंतपण. गुड्डीच्या वेळी रक्त फार गेलं होतं. सुईणीने हात टेकले, डॉक्टर येईपर्यंत नाडी लागत नव्हती. मग लागली. सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण दूध आलं नाही, पाळी आली नाही, केस गळले, बोलणं कमी होत होत थांबलं. बलबीरचं म्हणणं, ती त्या खाटेवर गेली, आणि तिचं रिकामं अंग बघून दुसरंच काही त्यात उठून बसलं. ते खातं, बसतं, बघत राहतं. रात्रंदिवस त्याच्या घरात बघत राहतं. त्याने मला सरळ सांगितलं, मशीनमध्ये काही आजार निघाला तर इलाज करीन, नाही निघाला तर हिला परवा माहेरी सोडून येणार. मुलगी आपल्याकडे ठेवणार. घरच्यांनी दुसरी सोयरीकही बघून ठेवली होती.

सासू मात्र सोडायला तयार नव्हती. तिचंही मत तेच, की ही सुनीता नाही. पण ती म्हणाली, "जो भी है, बच्ची को गोद में तो लेती है."

ते खरं होतं. गुड्डी त्या थंड मांडीवर चढून बसली होती आणि एकटीच तिच्याशी बोलत होती. बाहेर गाय बघितली, बस बघितली, सगळं सांगत होती. उत्तर येत नव्हतं आणि तिला उत्तराची सवयही नव्हती. सुनीताचा एक हात तेवढा पोरीच्या पाठीवर होता.

मी सुनीताला कपडे बदलायच्या खोलीत नेऊन बसवलं, सासू मागोमाग आली, गुड्डी पुन्हा मांडीवर चढली, आणि मी चाचपायला लागले. बांगड्या, जोडवी, नाकातली चमकी काढली. केस विरळ झालेले, तरी वेणी घट्ट घातलेली, काळ्या दोऱ्याने गुंडाळलेली. मानेपाशी बोटाला टणक लागलं. दोरा सोडवला तर आत खिळा. जुना, हाताने घडवलेला, चांगला बोटभर लांब. घोड्याच्या नालाला मारतात तसला.

बाळंतिणीजवळ लोखंड ठेवायची रीत आपल्याकडेही आहे. उशाखाली विळा ठेवतात, कोयता ठेवतात. त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पण सासूने बघितलं आणि माझं मनगट धरलं. खिळा काढू नको म्हणाली. लोकांना वाटतं हा खिळा भुताला बाहेर ठेवायला आहे, पण तसं नाही. जे आत आहे ते निघून जाऊ नये म्हणून मी तो वेणीत घातलाय, म्हणाली. "निकालोगी तो ये भी चली जाएगी. फिर मेरी बच्ची किसकी गोद में बैठेगी?"

मी तिला सांगितलं, खिळा घेऊन आत गेली तर मशीन तो ओढून घेईल, वेणीसकट, नाहीतर डोक्यात घुसेल. तिने विचार केला. मग स्वतःच्या हाताने वेणी सोडली, खिळा काढला आणि मुठीत आवळून धरला. मला म्हणाली, आता काय होईल ते तू बघ.

गुड्डीला मांडीवरून उतरवलं. ती रडली नाही. दारापर्यंत मागे मागे आली. मी तिच्या तोंडावर दार लावलं. धाडकन.

मॅडमच्या तपासणीत एक भाग असा असतो. पेशंटच्या डोळ्यांपुढे आरसा, आरशात चित्रं दिसतात. घर, झाड, अनोळखी चेहरे, आणि मधेच आपल्या माणसाचा चेहरा. तेव्हा मेंदूचा कुठला भाग जागा होतो ते मशीन टिपतं. गुड्डीचा फोटो सकाळीच काढून त्यात घातला होता. पेशंटच्या हातात एक रबरी फुगा देतात, काही वाटलं तर दाबायचा. सुनीताच्या हातात मी तो दिला, तिची बोटं त्यावर मिटवली.

काचेमागे मॅडम, गुरप्रीत आणि मी. पहिले फोटो आले तेव्हा मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. मला बोटाने दाखवलं. खळगी होती, वाटाणा नव्हता. बाळंतपणात एवढं रक्त गेलं की त्या ग्रंथीला रक्त मिळत नाही आणि ती मरते. बाई जगते, हुकूम देणारी मरते. मग सगळं अंग हळूहळू विझत जातं. मॅडमना आधीच शंका होती, रक्त तपासायला सकाळीच पाठवलं होतं, उत्तर यायचं होतं.

चित्रांचा भाग संपला. गुरप्रीतने माइकवरून विचारलं, "सुनीताजी, ठीक हो?" ती तशीही बोलत नव्हती. पण फुगा दाब म्हटलं तर आधी दाबत होती. आता दाबेना. कॅमेऱ्यात बोटं उघडी दिसली.

आम्ही तिला बाहेर ओढलं तेव्हा ओठ राखेसारखे झाले होते. नाडी हाताला लागत नव्हती. तपासणीसाठी उपाशी ठेवली होती, साखर उतरली, दाब उतरला. ताणाचा रस म्हणजे अंगाची हिंमत, ती तिच्या अंगात शिल्लकच नव्हती. मॅडम नंतर स्वतः म्हणाल्या, उपाशी ठेवायचा आपला नियम या बाईला लागू करायला नको होता.

अशा वेळी आमचा नियम उलटा असतो. माणूस मरत असला तरी उपचार त्या खोलीत करायचे नाहीत, आधी बाहेर काढायचा. लोखंडाविना केलेली ढकलगाडी मी ओढत आणली. समोरून वॉर्डबॉय ऑक्सिजनचं नळकांडं घेऊन पळत आला. तो दारात शिरला असता तर ते नळकांडं तोफेच्या गोळ्यासारखं सुनीतावर आलं असतं. मी दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिले. त्याने मला शिवी दिली. मीही दिली. माझी साताऱ्याची होती.

बाहेर आणल्यावर तिचं डोकं एका बाजूला लवंडलं. सासूने पोरीचं तोंड पदराखाली घेतलं आणि बसल्या जागी इतकंच म्हणाली, "कहा था." बलबीर भिंतीला टेकून उभा. त्याच्या तोंडावर दुःख नव्हतं. तीन वर्षांपूर्वी जे व्हायचं होतं ते आज झालं, असा चेहरा.

आणि मी, जी असल्या गोष्टी मानत नाही, मला त्या म्हातारीच्या मुठीकडे बघवेना.

मॅडमनी सुई टोचली. साखरेचं पाणी लावलं आणि तोच हिंमतीचा रस, जो तिचं अंग बनवत नव्हतं, तो सरळ शिरेत सोडला. मग वर वॉर्डमध्ये नेली. संध्याकाळी माझी ड्युटी संपल्यावर मी वर गेले. सुनीता उशीला टेकून बसली होती. डोळे फिरत होते. माझ्याकडे बघून तिने घोगऱ्या आवाजात विचारलं, "भूख लगी है. यहाँ रोटी मिलती है?"

बलबीर खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो त्या आवाजाला घाबरला. खरंच, मागे सरकला.

वर्षाने दुसऱ्या फोटोसाठी आली तेव्हा मी तिला आवाजाने ओळखलं, कारण तो आवाज लिफ्टमधूनच यायला लागला होता. भुवया आल्या होत्या, गाल आले होते. बलबीर रस्ता चुकला म्हणून त्याला सगळ्यांदेखत फैलावर घेत होती. मी चाचपायला लागले तर म्हणते, "हाय मौसी, कितने ठंडे हाथ हैं तुम्हारे." वेणीत काही नव्हतं. मी तिच्या ओळखीची नव्हते. त्या तीन वर्षांतलं तिला जवळजवळ काहीच आठवत नव्हतं. म्हणाली, "वो साल किसी और ने काटे." आणि मग आवाज खाली आणून, "घर में उसकी बात करते हैं तो मुझे अच्छा नहीं लगता." गोळ्या जन्मभर घ्याव्या लागणार, त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

सासूला मी विचारलं, कशी आहे आता सून? म्हातारी म्हणाली, "ठीक है. वो चुप थी, ये बहुत बोलती है."

फोटो झाल्यावर मॅडमनी मला दोन्ही वर्षांची चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. खळगी रिकामीच होती, ती भरत नाही. पण आरशात गुड्डीचा चेहरा आला तेव्हाचं चित्र त्यांनी मोठं केलं. या वर्षी मेंदूत एके ठिकाणी ठिपका उजळला होता. मागच्या वर्षीही, शुद्ध हरपायच्या थोडंच आधी, त्याच ठिकाणी उजळला होता. मला दोन्ही सारखेच दिसले. मॅडम म्हणाल्या, एका बाईवरून काही सिद्ध होत नाही. मग पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "पण मावशी, होती ती. आतच होती."

मी बाहेर आले. घरचे सगळे जण कागद घ्यायला खिडकीपाशी होते, सुनीताचा आवाज तिथून येत होता. गुड्डी एकटीच माझ्या दारापुढे उभी. बंद दाराकडे बघत.

म्हटलं, काय गं?

"वो कब निकलेगी?"

कोण?

"मम्मी." तिने दाराकडे बोट केलं. "यहीं से अंदर गई थी. फिर ये वाली घर आ गई."

पोरीचं चुकत नव्हतं. आई आत जाताना तिने बघितली होती. बाहेर आली तेव्हा आजीने तोंड झाकलं होतं. आणि काही दिवसांनी एक गरम हाताची, मोठ्या आवाजाची बाई घरी आली, जी तिला अंघोळ घालते, रागावते, बोललं की मधेच बोलते. जन्मल्यापासून जी मांडी तिला ठाऊक होती ती ही नव्हती.

तिने मूठ उघडली. आत तो खिळा. आजीच्या ट्रंकेतून आणला असणार. म्हणाली, "ये लगा दो. दादी कहती थी इससे रुक जाती है."

मी खिळा घेतला आणि टोपलीत ठेवला. तिच्या केसांतल्या पिना काढल्या, पायातल्या साखळ्या काढल्या, फ्रॉकचे खिसे बघितले. मग दार उघडलं आणि तिला उंबऱ्यावर उभं केलं, हात घट्ट धरून. दिवे मंद केलेले होते. बोगदा रिकामा, समोर पांढरी चादर. चक् फूस, चक् फूस.

गुड्डी बराच वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे वर बघून हळू आवाजात म्हणाली, "सो रही है."

तो पंप आहे, हे मी त्या दारात उभी राहून कितीतरी माणसांना सांगितलंय. कुणी घाबरलं की पहिलं तेच सांगायचं असतं. तिला नाही सांगितलं. ती घाबरली नव्हती.

म्हटलं, "हाँ. सोने दे."

तिकडून सुनीताने मोठ्याने हाक मारली. पोरीने पिना, साखळ्या मुकाट्याने घालून घेतल्या, टोपलीतल्या खिळ्याकडे एकदा बघितलं, तो तिथेच राहू दिला आणि हाकेच्या दिशेने गेली.

पुढचा पेशंट येऊन बसला होता. मी दार लावलं. गुरप्रीतने काचेतून मान वर करून बघितलं, कारण आवाज आला नव्हता.